भुतांची विचारपूस

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भित्र्या भाचीने भर दुपारी, घरातले सगळे दिवे लावून केलेला नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांपुढे अजून धुरकट येतं का? खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई बोलतात का तुझ्याशी, की कुंड्यांच्या पाण्यावरून पुन्हा वाजलं? (उत्तरं कळवायची तसदी घेऊ नकोस. तू ‘मी ठणठणीत, तू जेवलीस का?’ एवढंच कळवणार. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तेच. फोनवर मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तुझे प्रश्न सुरू होतात, मी बापडी उत्तरं देत बसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की तुझ्याबद्दल आपल्याला काडीचंही कळलेलं नाही.) इकडे सर्व मंडळी सुखरूप आहेत. सर्व मंडळी म्हणजे मीच. प्रबंध मात्र अत्यवस्थ आहे.

पत्रास कारण की, असं लिहून मी दोनदा कागद फाडला. कारण आधीच सांगितलं तर तू हसत सुटशील आणि पुढचं ऐकणार नाहीस. तेव्हा कारण शेवटी.

तर आपले दचकेबुवा. हे नाव तूच ठेवलेलं. पाठ्यपुस्तकांत त्यांना ‘भयकथेचे जनक’ म्हणतात, मी प्रबंधात ‘प्रस्तुत लेखक’ म्हणते, पण मनात मात्र ते दचकेबुवाच. माझी त्यांच्याशी ओळख कुठे झाली, तर दातांच्या दवाखान्यात. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मला तुझ्याकडे सोडत. (दवाखाना डॉक्टरांचा, हे खरं. पण डॉक्टर फक्त दात काढायचे. दवाखाना तू चालवायचीस.) तुझ्या टेबलामागे ती छोटी खोली, फळीवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात हत्यारं उकळायचं यंत्र, आणि लवंगेच्या तेलाचा वास. पेशंटांसाठी ठेवलेल्या मासिकांतून तू मला दचकेबुवांच्या गोष्टी वाचून दाखवायचीस. गोष्टीत जिना करकरायला आणि पलीकडे डॉक्टरांचं मशीन दाढेत शिरायला एकच गाठ पडायची. मध्येच एखादा पेशंट असा ओरडायचा की दचकेबुवांनाही लाज वाटावी. माझी पाचावर धारण बसलेली. आणि गोष्ट ऐन रंगात आली की डॉक्टरांची घंटा वाजायची. तू पानात बोट घालून उठायचीस, पेशंटला समजावून, पैसे घेऊन, दारापर्यंत पोचवून परत यायचीस आणि उरलेली गोष्ट भराभर सांगून टाकायचीस. त्या वेळी तू पुस्तकाकडे बघत नव्हतीस, हे आज मला लख्ख आठवतंय. आज आठवून काय उपयोग!

त्या गोष्टी मला इतक्या आवडल्या की पुढे मी त्यांच्यावरच पीएच.डी.ला नाव घातलं. ‘प्रस्तुत लेखकाच्या भयकथा: स्वरूप, प्रेरणा आणि प्रभाव.’ आई म्हणाली, अगं, तू पाल दिसली तरी खुर्चीवर चढतेस, तुला हा विषय कुणी दिला? पण मला भीती वाटतच नव्हती, मावशी. म्हणजे सुरुवातीला वाटायची, मध्यावर फार वाटायची, पण शेवट चांगला होणार हे मला ठाऊक होतं. दचकेबुवांचं भूत कितीही भयंकर असो, अगदी शेवटी ते माणसाच्या जवळ येतं आणि आपुलकीने चौकशी करतं. जिन्यातली बाई त्या भाडेकरूला विचारते, ‘फार वेळ थांबावं लागलं का? सोबत कोणी आलंय का?’ विहिरीतला म्हातारा म्हणतो, ‘दुखतंय का अजून? रात्री झोप लागली होती ना?’ आणि बिनडोक्याचा घड्याळजी (डोकं नसताना तो बोलतो कुठून, हा प्रश्न मला आजवर पडला नाही, यावरून माझी संशोधकवृत्ती लक्षात घे) जाता जाता बजावून जातो, ‘आता दोन तास काही खाऊ नकोस.’

हसतेस ना? थांब, पुढे ऐक. या घड्याळजीच्या वाक्यावर मी आठ पानं लिहिली आहेत. काळ थांबवणारा घड्याळजी माणसाला दोन तासांचा उपवास घालतो, म्हणजे इथे भूक, काळ आणि मृत्यू यांचं नातं लेखकाने कसं उलगडलं आहे, वगैरे. त्या आठ पानांत लवंगेच्या तेलाचा वास मला एकदाही आला नाही.

आता तू विचारशील, अगं शहाणे, प्रबंध लिहिताना तू ती पुस्तकं वाचली नाहीस का? वाचली. समग्र वाङ्मयाचे जाडजूड खंड विकत घेऊन, पेन्सिलीने खुणा करून वाचली. फक्त प्रत्येक कथेची शेवटची दोन पानं सोडून. एक तर त्या पानांपर्यंत पोचेस्तोवर माझी बोबडी वळलेली असायची, आणि दुसरं म्हणजे शेवट मला पाठ होते. पाठ असलेलं कोण वाचतं? तळटीप द्यायची वेळ आली की मी पानाचा आकडा न घालता ‘कथेचा शेवट पाहावा’ असं लिहून मोकळी व्हायची. अख्ख्या प्रबंधात जिकडेतिकडे ‘शेवट पाहावा, शेवट पाहावा’. पण पाहिला कुणीच नाही. आमचे मार्गदर्शक सर (विद्यार्थी त्यांना ‘मुद्दे सर’ म्हणतात, कारण ते कुणालाही दोन वाक्यांच्या वर बोलू न देता ‘मुद्द्यावर या’ म्हणतात) ते प्रकरण वाचून खूश झाले. म्हणाले, बाकीची प्रकरणं ठीक आहेत, पण ही ‘भुतांची विचारपूस’ म्हणजे तुमची स्वतःची भर आहे, इथे कुणाचाच हात पोचलेला नाही. कसा पोचेल?

स्वरूप आणि प्रेरणा आटपून मी प्रभावाकडे वळले होते. प्रभाव तर विचारूच नकोस. दचकेबुवांनंतर ज्याने म्हणून भयकथा लिहिली त्याने त्यांचा करकरणारा जिना उचलला. एका महाभागाने तळमजल्यावरच्या घरातही जिना करकरवला आहे. पण विचारपूस मात्र पुढच्या एकाही लेखकाने उचलली नाही. मी त्याचं दुःख व्यक्त केलं आहे (प्रकरण पाचवे), आणि ‘नंतरच्या पिढ्यांनी भीती घेतली, माया टाकून दिली’ असं एक झकास वाक्यही लिहिलं आहे. सरांनी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

अशात दचकेबुवांची जन्मशताब्दी आली आणि आमच्या कॉलेजने चर्चासत्र ठेवलं. मी निबंध वाचणार होते. माझ्या आधी एकांनी ‘जिन्यांचे प्रकार’ सांगितले, दुसऱ्यांनी ‘दारांच्या कड्या’ घेतल्या आणि त्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. श्रोते पेंगत होते. मग मी उठले आणि विचारपूस वाचायला लागले. मावशी, खोटं नाही सांगत, सभागृह जागं झालं. जिन्यातल्या बाईचं वाक्य वाचताना आपोआप माझा आवाज तुझ्यासारखा झाला, तो तुझा टेबलामागचा मऊ आवाज, आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चक्क डोळे पुसले. पहिल्या रांगेत मध्यभागी एक वृद्ध बाई बसल्या होत्या, कानाला यंत्र, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

त्या दचकेबुवांची मुलगी निघाल्या. एकुलती एक. चहाच्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. म्हणाल्या, आमच्या बाबांनी मला जन्मात कधी ‘बरी आहेस ना’ म्हणून विचारलं नाही. दिवसभर दार लावून लिहायचे. मी तापाने फणफणले होते तेव्हा एकदा दार उघडलं, मला वाटलं माझ्यासाठीच, तर पेपर आला का विचारलं आणि पुन्हा लावून घेतलं. त्यांच्या गोष्टी मी एकही वाचलेली नाही. रागच होता माझा त्या गोष्टींवर. आज तुमच्यामुळे कळलं की त्यांना विचारता येत होतं. घरात नाही जमलं, भुतांच्या तोंडून विचारलं. एवढं बोलून त्या हसल्या, आणि मग मला म्हणाल्या, तेवढी पानं मला सांगाल का हो? तेवढीच वाचीन म्हणते. शिवाय समग्र वाङ्मयाची नवी आवृत्ती निघते आहे, त्यात पहिल्याच पानावर ते जिन्यातलं वाक्य घालायला सांगते.

मी हरभऱ्याच्या झाडावर बसूनच घरी आले. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात संशोधनाचा उपयोग. जेवले, पंखा लावला, रेडिओ लावला, खिडक्या सताड उघडल्या आणि पानांचे आकडे उतरवून घ्यायला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा जिन्यातल्या बाईचा शेवट उघडला.

मावशी, ती काही विचारत नाही.

ती वर येते, भाडेकरूच्या खोलीत शिरते आणि दार आतून लावून घेते. संपली गोष्ट. मी म्हटलं, छपाईत पान गळलं असेल. दुसरी कथा काढली. विहिरीतला म्हातारा नुसता बघतो. (कसा बघतो ते लिहीत नाही, रात्री तू एकटीच असतेस.) घड्याळजी तर घड्याळाला किल्ली देतो आणि निघून जातो, जेवणाखाण्याचा विषयच नाही. मग मी इरेला पेटले. दातखीळ बसली तरी चालेल, पण सगळे शेवट वाचायचेच. वाचले. अख्ख्या समग्र वाङ्मयात दचकेबुवांचं एकही भूत तोंडातून एक अक्षर काढत नाही! आणि मी त्यांच्या बोलण्यावर प्रबंध लिहिला आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी अख्खा जबडा दाखवला.

मग माझी ट्यूब पेटली. फार वेळ थांबावं लागलं का. सोबत कोणी आलंय का. दुखतंय का अजून. रात्री झोप लागली होती ना. दोन तास काही खाऊ नका. अगं, ती दवाखान्यातल्या माणसांची वाक्यं! पेशंटला पोचवून आलेली तू, तोंडात तीच वाक्यं, समोर भाची डोळे पांढरे करून बसलेली; ती दार आतून लावून घेणारी बाई तू मला कशी वाचून दाखवणार होतीस? तू भुतांना दोन गोड शब्द बोलायला लावलंस आणि मला घरी पाठवलंस. मला आधी तुझा भयंकर राग आला. माझी इतकी वर्षं, माझी पदवी, माझं ते झकास वाक्य, सगळं एका फटक्यात गेलं. मग हसू आलं. मग रडू आलं, ते जरा जास्तच वेळ आलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. दचकेबुवांच्या भुताला शोभावं असं तोंड केलं होतं, त्यामुळे सर लगेच मुद्द्यावर आले. मी सगळं सांगितलं. सर हळूच म्हणाले, म्हणजे ती जिन्यातली बाई शेवटी काय करते? मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी दोन्ही हात वर केले. नको, नको, राहू द्या, मला घरी जिन्यानेच जायचं असतं. तेव्हा कळलं की शेवट न वाचणारी या विद्यापीठात मी एकटीच नाही. पण सर माणूस चांगला. त्यांनी सुचवलं की तूर्त गप्प बसा, प्रबंध तसाच जाऊ द्या, परीक्षकही माणूसच असतो, तोही शेवट वाचायचा नाही.

खरं सांगते, मोह झाला. माझी पदवी राहत होती. त्या बाईंचा बाबा त्यांच्याशी बोलत होता. गप्प बसण्याने सगळ्यांचंच भलं होत होतं, आणि गप्प बसायचं शिक्षण खुद्द दचकेबुवांचं आहे. पण तेच पहिलं पान डोळ्यांपुढे येई. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘सोबत कोणी आलंय का?’ आणि खाली त्यांचं नाव. ते वाक्य त्यांचं नव्हतंच गं. ते ज्या माणसाचं होतं त्याला आजवर कुणी तळटीपसुद्धा दिली नव्हती.

म्हणून मी त्या बाईंच्या घरी गेले. जिनाच होता, आणि करकरत होता (मी खाली उभी राहून रामरक्षेच्या दोन ओळी म्हणून घेतल्या, पुढच्या आठवेनात). बाईंनी दार उघडलं. चष्मा पुसून, खंड टेबलावर काढून ठेवून त्या तयारच बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. पानं नाहीत. वाक्यं नाहीत. तुमच्या बाबांची भुतं बोलतच नाहीत. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

त्यांनी पुसलेला चष्मा काढून खंडावर ठेवला. मग म्हणाल्या, येतात, बघतात आणि दार आतून लावून घेतात? मी म्हटलं, हो. हां, म्हणजे बाबाच ते, असं म्हणून त्या जे हसत सुटल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मला वाटतं त्यानंतरही थोडं पाणी येतच राहिलं. मी त्यांच्या शेजारी बसले. चहा झाला. मग त्यांनी जिन्यातल्या बाईचा खरा शेवट माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, दुसऱ्या खोलीच्या बंद दाराकडे बघत. म्हणाल्या, लिहिलंय मात्र छान. बाबांबद्दल एवढं चांगलं त्या पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. आणि मी निघताना त्यांनी पुन्हा मनगट धरून विचारलं, मग ते विचारत होतं कोण? मी म्हटलं, माझी मावशी. दातांच्या दवाखान्यात असायची.

असो. प्रबंधाचं नाव आता ‘भुतांचं मौन आणि वाचकांची भर’ असं होतंय. निम्मा पुन्हा लिहायचा आहे, वर्ष जाईल, सरांनी कपाळाला हात लावला आहे, पण तो हात त्यांनी मुदतवाढीच्या अर्जावरच्या सहीपुरता काढला. तुझ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. प्रभावाचं. सर्वांना यथायोग्य सांगावे. तुझ्याकडे सर्व म्हणजे कुंड्याच, तर त्यांना पाणी बेताने घालावे.

तुझी,
भित्री भाची

ता. क. – पत्रास कारण की, दचकेबुवांच्या मुलीला तुझ्या तोंडून सगळे शेवट ऐकायचे आहेत. म्हणाल्या, बाबांचे वाचून झाले, आता मावशींचे ऐकायचे. तुला यावंच लागेल. येताना तो टेबलामागचा आवाज घेऊन ये. प्रबंधासाठी तुझी मुलाखतही घ्यायची आहे, तेव्हा मी प्रश्न विचारणार आणि तू फक्त उत्तरं द्यायची आहेस. (हे तुला जमणार नाही. आतापासून सराव कर.)

ता. क. दुसरा – सरांनाही जिन्यातल्या बाईचा तुझा शेवट ऐकायचा आहे. त्यांची खालची दाढही दुखते आहे. दोन्ही एकाच वेळी होईल का, विचारत होते.

ता. क. तिसरा – आता खरं कारण. तुझ्या खालच्या शेजारीणबाईंचा मला फोन आला होता. तू डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंस, एकटी गेलीस, एकटी आलीस, आणि नर्सने ‘सोबत कोणी आलंय का’ विचारलं तेव्हा ‘भाची येतेय मागून’ असं ठोकून दिलंस. दोन दिवसांनी फोनवर मला ‘ठणठणीत’ म्हणालीस. आयुष्यभर जो प्रश्न तू दारात आलेल्या प्रत्येकाला विचारलास, तो तुला विचारला गेला तर खोटं बोललीस! मला फार लागलं ते, मावशी. तेव्हा ते खोटं मी खरं करते आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. नवा चष्मा होईपर्यंत तुझ्याकडेच राहीन, गोष्टी वाचून दाखवीन, आणि मगच तुला घेऊन परत येईन.

ता. क. शेवटचा, शेजारीणबाईंसाठी – डॉक्टरांनी मावशीला वाचायला मनाई केली आहे, तेव्हा हे पत्र तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवत असणार. कुंड्यांच्या पाण्याबद्दल वर लिहिलं आहे ते वाचून झालंच असेल; राग मानू नका. एकच हात जोडून विनंती. ऐन शेवटी ती तुम्हाला थांबवील, चहा टाकते म्हणेल, तुमच्याच तब्येतीची चौकशी सुरू करील. ऐकू नका तिचं. तिला खाली बसवा, आणि पुढची ओळ काहीही न बदलता, लिहिली आहे तशीच वाचा:

मावशी, तू बरी आहेस ना गं?